अनुक्रमांक त्रेसष्ट

"पिठाची गिरणी, पाच अश्वशक्तीपर्यंत," मी वाचलं.

"शेजारी किती आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"तीस रुपये."

"आपण पस्तीस करा. पुढचं वाचा."

हिवरगड नगरपरिषदेच्या स्थायी समितीची ती बैठक १९८६ सालच्या फेब्रुवारीतली. गावातल्या धंद्यांना परवाना फी किती लावायची ते त्या दिवशी ठरत होतं, आणि कसं ठरत होतं ते तुम्ही आत्ताच ऐकलंत. बाहेरच्या माणसाला वाटतं की यामागे काही मोठा अभ्यास असेल. आमची पद्धत सोपी होती. शेजारच्या गावाचं छापील दरपत्रक मागवायचं, त्यातली धंद्यांची नावं जशीच्या तशी उतरवायची आणि दर पाच-दहा रुपयांनी वाढवायचे. शेजाऱ्यांनीही ते कोकणातल्या कुठल्यातरी गावाकडून उचललं असावं, कारण ज्या हिवरगडात पावसाळा सोडला तर ओढ्यालासुद्धा पाणी नसे, तिथल्या यादीत 'होड्या बांधण्याचा कारखाना' होता. त्याची फी शंभर रुपये होती. त्या दिवशी ती एकशे दहा झाली.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. परवाना विभागात कनिष्ठ लिपिक म्हणून लागून जेमतेम पाच महिने झाले होते आणि अजून कायम व्हायचो होतो. यादी वाचण्याचं काम माझ्याकडे होतं. समितीत एकाच्या भावाचं लॉज होतं, तेव्हा लॉजची फी दीडशेची एकशेवीस झाली. आपला तो बाब्या, त्याला कोण काय बोलणार? मग कासार, कल्हईवाले, बुरूड, न्हावी, परीट या गरिबांच्या ओळी मी एका दमात वाचल्या आणि समितीनं त्या एका दमात मंजूर केल्या, सरसकट पंधरा रुपये. प्रत्येक दराला एक सूचक आणि एक अनुमोदक लागे. त्यांची नावं इतिवृत्तात जात, आणि नाव जायला मिळतंय म्हटल्यावर हात भराभर वर होत होते.

बासष्ट ओळी छापील यादीतल्या होत्या. त्रेसष्टावी मी घातली होती. "अनुक्रमांक त्रेसष्ट," मी वाचलं, "अंत्यविधी साहित्य विक्री."

एकानं उचललेला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"हे काय घातलंत यादीत?" अध्यक्ष अण्णासाहेब खराडे म्हणाले.

अर्ज आला आहे, मी सांगितलं. ओढ्याजवळच्या सिद्राम बुरुडाचा. शेजाऱ्यांच्या यादीत ही ओळ नाही, म्हणून दर आपल्यालाच ठरवावा लागेल.

मग एक सदस्य हळूच म्हणाले की असल्या पैशाची पावती फाडायची आणि तो पैसा नगरपरिषदेच्या तिजोरीत ठेवायचा, हे बरं दिसत नाही. दुसऱ्यांनी विचारलं, आज दर ठरवला तर तो पुढं वाढवायचा कसा, आणि वाढवा असं म्हणायचं कुणी? अण्णासाहेबांनी सगळ्यांकडे बघितलं. "सूचक कोण?" त्यांनी विचारलं. दहा मिनिटांपूर्वी पापडाच्या फीसाठी वर गेलेले हात आता मांडीवर होते. त्या ओळीशेजारी आपलं नाव कोणालाच नको होतं.

तो गप्पपणा मला सोसवेना. "साहेब, फीच्या रकान्यात निरंक लिहू का?" मी म्हणालो.

सगळ्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. निरंक म्हणजे काही नाही, आणि ज्यात काही नाही त्याला सूचक लागत नाही. अण्णासाहेब म्हणाले की पोरगा हुशार आहे, आणि मी घरी जाताना दोन इंच उंच झालो होतो.

सिद्रामला मी कसा ओळखत होतो ते सांगतो, म्हणजे गाव त्याला कसं ओळखत होतं तेही कळेल. स्मशानाच्या वाटेवर ओढ्याच्या पुलाआधी त्याची पत्र्याची शेड होती. तीन वर्षांपूर्वी माझे वडील गेले तेव्हा मी तिथं गेलो होतो. तो कधीच कोण गेलं असं विचारत नसे. फक्त "उंची?" म्हणे. मी माझ्या कानाच्या पाळीशी हात नेऊन दाखवला. त्यानं दोन लांब बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, पांढरं कापड असं सगळं मुकाट्यानं काढून दिलं. तिथं भाव करायचा नसे आणि पैसे त्याच्या हातात द्यायचे नसत. दाराशी एक दगड होता, त्यावर ठेवायचे. लग्नकार्याला निघालेली माणसं ती वाट टाळून बाजारपेठेतून वळसा घालून जात.

जानेवारीत तो कार्यालयात आला तेव्हा बरोबर त्याची मुलगी कस्तुरा होती. बाविसेक वर्षांची, नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला, एक लहान मुलगी पदरात. सातवी शिकलेली होती आणि अर्ज तिनंच लिहिला होता. रस्ता रुंद होणार होता आणि त्यात शेड जाणार होती. नगरपरिषदेनं बाजारात नवीन गाळे बांधले होते आणि शेड जाणाऱ्यांना त्यातले गाळे राखून ठेवले होते. अट एकच, एकतीस मार्चच्या आत धंद्याचा परवाना हातात हवा. सिद्रामकडे परवाना कधी नव्हताच. वसुलीला निघालेल्या आमच्या माणसांचं पाऊल त्या शेडकडे वळत नसे.

"माझं काय, झालं आता," तो म्हणाला. "पर ही पोर त्या ओढ्याकाठी मरंस्तवर बसायची का भाऊसाहेब? चार लोकांच्या शेजारी एक दुकान होऊ द्या तिचं."

मी अर्ज घेतला, वाचला, जिथं ठीक नव्हता तिथं ठीक केला आणि नोंदवून घेतला. पुढच्या आठवड्यात पाहणीला गेलो. माझ्या बायकोला तेव्हा सहावा महिना लागला होता. आईनं उंबऱ्यातच बजावलं होतं की त्या जागेवर बसू नकोस आणि तिथलं पाणीही तोंडात घेऊ नकोस. मी पदवीधर माणूस, वर्तमानपत्र वाचणारा, आणि आईला हो म्हणून निघालो. कस्तुरानं तांब्या-भांडं आणलं. माझा उपास आहे, मी म्हणालो.

"पाणी चालतं की उपासाला," ती म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवून बांबू मोजत राहिलो. ती तांब्या घेऊन आत गेली.

समितीची मंजुरी झाली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोघं परत आली. सिद्रामनं रुमालात शंभर रुपये बांधून आणले होते. मी मोठ्या ऐटीत त्याला सांगितलं की तुला फी नाही, समितीनं तुझ्यासाठी निरंक केली आहे. त्याला आनंद झाला नाही. तो रुमाल तसाच हातात धरून उभा राहिला.

"आन् परवाना?"

परवाना मिळेलच, असं म्हणून मी त्याला घेऊन रोखपाल कुलथ्यांच्या खिडकीशी गेलो. कुलथे म्हणाले, शून्याची पावती मी कशी फाडू? आणि पावती नाही तर परवाना कसा? आमच्याकडे पावतीचा क्रमांक हाच परवान्याचा क्रमांक होता. फी भरली की पावतीच्या पाठीवर धंद्याचं नाव आणि शिक्का, झाला परवाना. हे मला ठाऊक नव्हतं असं मी तेव्हा म्हणालो. खरं तर पाच महिने मी स्वतःच ते शिक्के मारत होतो. फक्त त्या दिवशी समितीत, सगळे गप्प बसले असताना, मला ते आठवायचं नव्हतं.

हेड क्लार्क मगदूम यांनी चष्मा वर करून निकाल दिला. ज्याला फी नाही त्याला पावती नाही. पावती नाही त्याला परवाना नाही. आणि परवाना नाही त्याला गाळा नाही. दर बदलायचा तर आता पुढच्या वर्षीची बैठक.

सिद्राम बाकावर बसला. "लोकं फी कमी करा म्हणून येत्यात तुमच्याकडं," तो म्हणाला. "मी लावा म्हनतोय. पाच रुपय लावा, पन्नास लावा, मी देतो. माझ्याच पैशाला काय झालं?"

मगदुमांनी फाईल उघडली आणि त्यात मान घातली. मीही तेच केलं.

दुसऱ्या दिवशी कस्तुरा एकटी आली. तिला बापाचा अर्ज बघायचा होता. अर्जदाराला कागद दाखवायला हरकत नव्हती, म्हणून मी फाईल खिडकीत ठेवली. ती उभ्यानंच वाचत होती. मध्येच तिचं बोट थांबलं.

"हे अक्षर माझं," ती म्हणाली. "आणि हे वरचं कुणाचं?"

धंद्याच्या ओळीत तिनं लिहिलं होतं, 'बुरूडकाम. टोपल्या, सुपं, दुरड्या व बांबूचं सामान.' त्यावर निळ्या शाईची एक सरळ रेघ होती आणि रेघेच्या वर 'अंत्यविधी साहित्य विक्री' असं लिहिलं होतं. ते अक्षर माझं होतं.

कसं सांगू? जानेवारीत अर्ज वाचताना मला वाटलं होतं की या लोकांना नीट लिहिता येत नाही. सिद्रामचा धंदा काय हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. मी फक्त खरं ते लिहिलं. पाहणीला गेलो तेव्हा शेडच्या दर्शनी भागात आढ्याला टोपल्यांच्या माळा लटकत होत्या, धान्य पाखडायची सुपं रचून ठेवली होती, लग्नात मुलगी सासरच्यांना सोपवताना 'झाल' करतात तिला लागते तशी दिवे मावतील एवढी रुंद दुरडी अर्धी विणून पडली होती. ते सगळं मी बघितलं होतं आणि अहवालात लिहिलं होतं, 'बांबू, मडकी, पांढरं कापड.'

"गावात वर्षाला माणसं किती मरत्यात?" कस्तुरा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "साठ, सत्तर. मी रोज चार टोपल्या विणते. आमचं घर टोपल्यांवर चालतं, भाऊसाहेब. त्या शेडमधनं गावात कोण घेत न्हाई, म्हणून मी डोक्यावर घेऊन चार खेडी फिरते. बाजारात दुकान झालं असतं तर गावानं घेतल्या असत्या. आबा दुसरं सामान मागं ठेवणार हुते, पडद्याआड."

मी दरपत्रक उघडलं. अनुक्रमांक एक्केचाळीस, बुरूडकाम, पंधरा रुपये. सूचक होते, अनुमोदक होते, आणि ती ओळ मीच माझ्या तोंडानं वाचली होती. मी अर्जाला हात लावला नसता तर सिद्राम त्याच दिवशी पंधरा रुपये भरून परवाना घेऊन गेला असता. मला माझी लाज वाटली. ती इतकी वाटली की मी ताबडतोब म्हणालो, "मी लेखी देतो. माझ्याकडनं चूक झाली असं लिहून देतो. अर्ज मूळ मजकुरावर चालेल."

"एकतीस तारखेच्या आत?"

"उद्याच."

मगदुमांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची जवळ ओढायला सांगितली. म्हातारा वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्यानं मला काही लपवून सांगितलं नाही. अर्जदाराच्या मजकुरात कर्मचाऱ्यानं खाडाखोड केली असं तू लिहून दे, तो म्हणाला, मी आजच्या आज मुख्याधिकाऱ्यांपुढं ठेवतो. परवाना निघेल. गाळा त्याला मिळेल. आणि तुझी चौकशी लागेल. कायम असतास तर ताकीद मिळून सुटला असतास. अजून कायम नाहीस, तेव्हा काय होईल ते तुझं तूच समज.

मी कागद समोर घेतला. तारीख टाकली. 'मी खाली सही करणार लिहून देतो की' इथपर्यंत लिहिलं. घरात आई होती, शिकणारा धाकटा भाऊ होता, बायकोचे दिवस भरत आले होते, आणि तिघांच्या तोंडात पडणारा घास माझ्या एकट्याच्या पगारातून येत होता. हे सगळं खरं आहे. पण इतकं खरं असूनही मला ते त्या वेळीही पुरेसं वाटलं नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. तो कागद मी संध्याकाळी खणात ठेवला. दुसऱ्या दिवशी काढला आणि परत ठेवला. असे दिवस गेले. रोज सकाळी वाटायचं की आज लिहू, आणि रोज पाच वाजेपर्यंत दुसरी कामं निघत.

एकतीस मार्चला साडेचार वाजता कस्तुरा खिडकीत आली. घामानं डबडबली होती. कुठल्यातरी खेड्यातून तशीच आली असावी, कारण डोक्यावर चुंबळ तशीच होती. पदराच्या गाठीत पंधरा रुपये बांधलेले होते. तिनं ती गाठ सोडायला घेतली.

"दिलं लिहून?" तिनं विचारलं.

"साहेब जागेवर नाहीत," मी म्हणालो.

मगदूम माझ्यामागे चार हातांवर बसून पान लावत होते. कस्तुरानं त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी नोंदवहीची पानं उलटायला लागलो. पदराची गाठ तिनं पुन्हा घट्ट केली आणि पाच वाजेपर्यंत समोरच्या बाकावर बसून राहिली. पाच वाजता कुलथ्यांनी खिडकी लावली तेव्हा ती उठली.

एप्रिलमध्ये गाळ्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या. सिद्रामच्या वाटचा गाळा लॉजवाल्या सदस्याच्या मेव्हण्याला मिळाला. मे महिन्यात शेड पाडली. मी बघायला गेलो नाही. त्याच आठवड्यात मला मुलगी झाली आणि घरात पेढे वाटले.

पाडापाडी झाल्यावर तीन-चार दिवसांनी सिद्राम कार्यालयात आला. स्वच्छ धुतलेलं धोतर, डोक्याला मुंडासं. मागे कस्तुरा, तिच्या कडेवर नात. ती सगळी सोलापूरकडे त्याच्या बहिणीच्या गावी जायला निघाली होती आणि तिथलं काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मला वाटलं, म्हातारा आता चारचौघांत बोलणार. मी मनाची तयारी केली. खरं सांगायचं तर त्यानं बोलावं असं मला वाटत होतं.

त्यानं खिडकीसमोर हात जोडले.

"निघालो भाऊसाहेब. म्हटलं, सांगून जावं."

मी उठून उभा राहिलो.

"कस्तुरानं सांगितलं मला समदं," तो म्हणाला. "तुमी लई झटलासा. साहेबाच्या हाता-पाया पडलासा, नोकरी जाईल म्हनले तरी ऐकलं न्हाईसा. न्हाई झालं, त्याला तुमचा काय इलाज? चाळीस वर्सं ह्या गावाची माणसं मी वाटंला लावली. कुनी माझ्या हातात पैसा ठेवला न्हाई. पर एक मानूस माझ्यासाठी भांडला, येवढं घेऊन चाललोय."

मी कस्तुराकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. तिच्या नजरेत राग शोधला, सापडला नाही. बापानं या गावातून निदान एवढं तरी बरोबर न्यावं म्हणून तिनं हे रचलं होतं, आणि आता ते मोडायचं की राखायचं हे माझ्यावर होतं. मी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या, बढत्या चुकल्या, वरिष्ठांनी भर सभेत अपमान केले. त्या म्हाताऱ्याच्या जोडलेल्या हातांसमोर उभं राहण्याइतकं जड मला काहीच गेलं नाही.

"झटलासा ना?" सिद्राम हसून म्हणाला. त्याला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"हो," मी म्हणालो.

कस्तुरानं मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "चला आबा," ती म्हणाली, "गाडी चुकंल."